बुंदीला शिकवलेला शब्द

बुंदीला नंदाखाल गावातल्या वाडीत आणून सोडलं, त्या दिवशी तिने पहिलं काम केलं ते कोंबड्या गोळा करण्याचं. एकीलाही दात लावला नाही. मान जमिनीला लावून, वाकून, ती नुसती त्यांच्याभोवती फिरत राहिली. अंगणभर पांगलेल्या कोंबड्या मागे सरकत सरकत ओट्याच्या कोपऱ्यात अशा दाटल्या की एकमेकींच्या अंगावर चढल्या. मग बुंदी समोर बसली. कोंबड्या हलेनात आणि तीही हलेना.

"बघा बाबा, कशी शहाणी आहे," जितेश म्हणाला.

एकनाथला मोठं कौतुक वाटलं. त्याची बायको यमुना मात्र दारातच थांबली होती. "डोळेसुद्धा मिटत नाही हो ती," एवढंच ती म्हणाली, आणि कोंबड्यांना सोडवायला स्वतः मध्ये गेली.

जितेश हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तो, त्याची बायको क्षितिजा आणि दुसरीतली ज्ञानदा वसईला एव्हरशाईन सिटीत राहायचे. नवराबायको दोघंही सकाळी मुंबईला जायची ती संध्याकाळी यायची. ज्ञानदाने हट्ट धरला म्हणून पिल्लू आणलं. अंगावर पिवळे ठिपके होते म्हणून नाव बुंदी. विकणाऱ्याने सांगितलं होतं, मेंढ्या वळणारी जात आहे, फार हुशार. मेंढ्या वळणारं जनावर दिवसभर तिसऱ्या मजल्यावर काय वळणार, हे त्यानेही सांगितलं नाही आणि यांनीही विचारलं नाही. सकाळी फाटकापर्यंत फिरवून आणायची आणि दार लावून घ्यायचं. वर्षभरात बुंदीने सोफा फाडला, दाराची चौकट कुरतडली, जिन्यात एका आजोबांना भिंतीशी दाबून उभं केलं.

मग एक शिकवणारा माणूस ठेवला. त्याने तिला बसायला, थांबायला, बोलावलं की यायला शिकवलं, आणि जाताना बजावलं की नुसतं पळवून भागणार नाही, हिच्या डोक्याला रोज काम द्या, रोज हे शब्द घोटा, घरातल्या सगळ्यांनी. चार दिवस घोटले. पुढे ऑफिसातून येईपर्यंत अंगात त्राण उरेना. शेवटी जितेशला गावची वाडी आठवली. केळी, नारळ, पेरू, पुढे बावखलाचं, म्हणजे वाडीतल्या तळ्याचं, पाणी. मोकळी राहील, पळेल, सुखात राहील.

निघताना क्षितिजा सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, रोज थोडा वेळ तिच्याशी ते शब्द बोलत जा हं. सिट, स्टे, कम. नाहीतर विसरेल."

"मी काय तिला इंग्रजी शाळेत घालणार आहे?" एकनाथ हसला. "वाडीतली कुत्री वाडीची भाषा शिकेल."

त्याला ते शब्द उच्चारायची लाज वाटायची. बांधापलीकडे शर्लीचं घर होतं. तिने ऐकलं तर हसेल, म्हातारा कुत्रीशी साहेबासारखा बोलतो म्हणून. तेव्हा ते शब्द पडून राहिले.

आठवडाभर बुंदी नुसती फिरली. बावखलाला फेरी, केळीला फेरी, घराला फेरी. मग एका सकाळी रस्त्यावरची मोकाट गुरं कुंपण मोडून आत शिरली आणि केळीची कोवळी पिलं खाऊ लागली. एकनाथचे गुडघे आता धावायचे राहिले नव्हते. त्याने गुरांकडे हात केला आणि लहानपणी सगळी पोरं गावातल्या कुत्र्यांना म्हणायची तेच त्याच्या तोंडून निघालं.

"छू!"

बुंदी गेली. आवाज न करता गेली, एवढंच एकनाथला त्या वेळी थोडं चमत्कारिक वाटलं. भुंकली नाही, गुरगुरली नाही. सगळ्यात मागच्या गाईच्या खुराला तिने दात लावला, दुसरीला वळसा घालून आडवी गेली, आणि बघता बघता सगळी गुरं एका गाठोड्यासारखी रस्त्यावर जाऊन पडली. एकनाथ टाळ्या पिटत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बुंदी त्याच्या खाटेशी येऊन बसली होती. नजर त्याच्या तोंडावर. तो शब्द पुन्हा कधी येतो, याची ती वाट बघत होती.

आणि एकनाथ तो देत राहिला. गुरांवर छू, पेरूवरच्या पोपटांवर छू, नारळाच्या बुंध्यावरच्या खारीवर छू. काहीच नसलं तर तिला बरं वाटावं म्हणून वाऱ्याने हलणाऱ्या केळीच्या पानावर छू. येणाऱ्याजाणाऱ्याला तो हा खेळ दाखवायचा. पापडीहून मेव्हणा आला त्यालाही दाखवला. फोनवर जितेशला म्हणाला, "तुम्हाला जमलं नाही रे. कुत्र्याला काम पाहिजे, काम. इथे बघ, बंदुकीच्या गोळीसारखी सुटते."

शर्ली एकदा बांधावर उभी राहून बघत होती. तिची मुलगी ॲनिशा पदर धरून मागे होती. शर्लीने विचारलं, "काका, जाते ते बघितलं. परत कशी बोलावता?"

"दमली की येते आपसूक."

"आणि नाही दमली तर?"

"जनावर आहे बाय ते, यंत्र नव्हे. दमणारच."

पण बुंदी दमेनाशी झाली. सुरुवातीला गुरं घालवून आली की बावखलावर पोटभर पाणी प्यायची आणि जांभळीच्या सावलीत लवंडायची. जसजशी पळत गेली तसतसं तिचं अंग तयार होत गेलं. पायांना बळ आलं, छाती रुंदावली, आणि पळून झालं तरी डोळ्यांतलं पळणं थांबेना. एकनाथ जेवायला बसला की समोर, विडी ओढायला बसला की समोर, झोपला की उशाशी. दिवसभर नजर त्याच्या ओठांवर. कधीकधी त्याला वाटायचं, आता आपण नुसता सुस्कारा टाकला तरी ही उठेल.

तसंच झालं, फक्त सुस्कारा कुकरने टाकला. दुपारी स्वयंपाकघरात कुकरची पहिली शिट्टी नीट धरली नाही, वाफ नुसतीच सुटली, छूऽऽ. गाढ झोपलेली बुंदी ताडकन उठली आणि दारातून बाहेर गेली. अंगणात काहीच नव्हतं. ती गोल फिरली, पुन्हा फिरली, काय वळायचं ते शोधत राहिली. नेमका सायकलवरून पाववाला आत येत होता. त्याला तिने भिंतीशी नेलं, त्याच्या विजारीचा काठ दातांत धरला आणि तशीच उभी राहिली. सायकल आडवी, पाव मातीत.

"चावली नाही ना? मग झालं तर," एकनाथ म्हणाला. त्याने पाववाल्याला चहा पाजला. पाववाला चहा प्यायला, पण त्या दिवसापासून आत आला नाही. रस्त्यावरूनच भोंगा वाजवू लागला.

त्यानंतर एकनाथने बुंदीला साखळी घातली आणि जांभळीला बांधलं. गुरं आली तरच सोडायची. साखळी पूर्वीच्या म्हशीची होती, आकडा झिजलेला. बांधल्या जागी बुंदी जांभळीभोवती फिरायची, फिरून फिरून मातीत गोल पडला, गवत गेलं, मुळं उघडी पडली. तोंडातून आवाज नाही. यमुना तिला भाकरी घालायला जायची तेव्हा ताटली काठीने पुढे सरकवायची.

डिसेंबरात जितेशचा फोन आला. "बाबा, नाताळच्या सुट्टीत ज्ञानदाला घेऊन येतो. ती रोज बुंदीबद्दल विचारते. बरी आहे ना?"

एकनाथने तोंड उघडलं. सांगायचं तर बरंच होतं. शब्द शिकवला आहे आणि तो परत घेता येत नाही. कुकर वाजला की अंगावर येते. धावणारं काहीही दिसलं की तिला ते कळपातलं वाटतं. पण आजवर फोनवर एवढ्या बढाया मारून झाल्या होत्या की आता जीभ उलटी वळेना.

"मजेत आहे," तो म्हणाला. "या, या."

यमुनेने कांदा चिरता चिरता विचारलं, "सांगितलंत?"

"काय सांगू? तुमची कुत्री मी बिघडवली म्हणून?"

यमुनेने चिरलेला कांदा कढईत लोटला. 

मंडळी आली. ज्ञानदा गाडीतून उतरली ती सरळ जांभळीकडे धावली, आणि एकनाथ हातातली पिशवी टाकून तिच्या मागे निघाला. पण बुंदीने तिला ओळखलं. लोळली, तिचे कान चाटले, शेपटीने धूळ उडवली. एकनाथला वाटलं, उगाच भ्यालो. पोरीची माया आहे तिला, काही होणार नाही. तो दिवस चांगला गेला.

संध्याकाळी ज्ञानदाने पिशवीतून काळा रुमाल, पत्ते आणि एक रंगवलेली काडी काढली. शाळेत जादूगार आला होता, तेव्हापासून घरात हेच चाललं होतं. आजीच्या शालीचा झगा करून ती ओट्यावर उभी राहिली. "आज्जी, बघ हं. हा रुमाल आता गायब होणार. जंतर मंतर..."

"थांब!" एकनाथ ओरडला.

पोर दचकली. जितेशने फोनमधून मान वर केली. जांभळीखाली बुंदी उठून उभी राहिली होती.

"तो शब्द म्हणायचा नाही," एकनाथ आवाज खाली आणून म्हणाला.

"का?"

"बुंदीला नाही आवडत."

"मग काय म्हणू?"

"दुसरं काहीतरी. जादूगारांचं काय कमी असतं का?"

"आब्रा का डाब्रा?"

"हां, ते म्हण."

"बाबा, तुम्हीपण ना," जितेश हसला आणि परत फोनमध्ये गेला. यमुना नवऱ्याकडे बघत राहिली. सांगायची वेळ हीच होती. सगळे समोर बसलेले, पोर सुखरूप, कुत्री बांधलेली. एकनाथ उठला आणि पेरूंना पाणी घालायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधाच्या फटीतून ॲनिशा आली. दोघी पोरी एकाच वयाच्या, दरवर्षी सुट्टीत एकत्र. ज्ञानदाला हाताखाली माणूस मिळालं. रुमाल गायब करण्यापेक्षा ॲनिशाच गायब करू असं ठरलं. ज्ञानदाने काडी फिरवायची आणि ॲनिशाने पळत जाऊन बावखलाकडच्या माडामागे लपायचं. यमुना मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. क्षितिजा स्वयंपाकघरात होती, कुकर नुकताच चढवला होता. जितेश ओट्यावर. एकनाथ केळीची वाळलेली पानं कापत होता आणि एक कान अंगणाकडे लावून होता.

आब्रा का डाब्रा. एकदा झालं, दोनदा झालं. ॲनिशा खिदळत पळायची, परत यायची. बुंदी साखळी ताणून बघत होती. एकनाथला वाटलं, आता जाऊन तिला गोठ्यात बांधावं आणि दार लावून घ्यावं. एवढं पान कापतो आणि जातो, असं त्याने मनाशी म्हटलं, आणि तेव्हाच खेळाच्या भरात पोरीच्या तोंडून जुनं निघालं.

"जंतर मंतर छू!"

ॲनिशा पळाली. म्हशीचा आकडा एका झटक्यात सरळ झाला.

बुंदीने ॲनिशाला माडापर्यंत जाऊच दिलं नाही. वळसा घालून आडवी गेली, मान जमिनीला लावली. पोर उजवीकडे वळली की उजवीकडे, डावीकडे वळली की डावीकडे. ॲनिशा मागे मागे सरकत बावखलाच्या काठावर आली. तिच्या मागे शेवाळलेली पायरी आणि हिरवं पाणी.

"कम! बुंदी, कम!" जितेश ओट्यावरून ओरडला. बुंदीचा एक कान हलला. कधीतरी ऐकलेलं काहीतरी त्या कानाला आठवलं असावं. ती वळली नाही.

एकनाथ धावला, आणि त्याच्या धावण्याबरोबर बुंदी उसळली. तो थांबला तशी तीही थांबली. तेव्हा त्याला कळलं की आपण जितकं धावू तितकी पोर पाण्याकडे जाणार. तोंडात शब्द शोधला. ये, हाड, बस कर, पुरे. यातला एकही त्याने तिला कधी दिला नव्हता. जायला सांगणारा एकच शब्द होता, आणि तो बोलून झाला होता.

"ॲनिशा, स्टॅच्यू!" ज्ञानदा किंचाळली.

खेळाची सवय मोठी असते. ॲनिशा होती तिथे थिजली. एक पाय पायरीवर, हात हवेत, डोळे विस्फारलेले. बुंदीही थांबली. दोघींमध्ये हातभर अंतर.

"तशीच राहा हं माझी बाय," एकनाथ हळू म्हणाला. "रडू नको. झाड हो."

बुंदीच्या मागे साखळी मातीत पडलेली होती. तिचं टोक गाठायचं होतं. एकनाथ पाऊल टाकायचा, थांबायचा, पुन्हा टाकायचा. वाडीत पानसुद्धा हलत नव्हतं. आणि त्या शांततेत त्याला स्वयंपाकघरातून कुकरची फुरफुर ऐकू येऊ लागली. आधी बारीक, मग भरत चाललेली. क्षितिजाला ओरडून सांगावं तर बुंदी उसळेल. न सांगावं तर शिट्टी होईल. त्याने जितेशकडे बघितलं, मानेने स्वयंपाकघर दाखवलं. जितेशला काय दाखवतात तेच कळेना. कसं कळणार? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

एकनाथने वाकून साखळी उचलली आणि उजव्या हाताला वेढा घेतला.

छूऽऽऽ.

बुंदी झेपावली. साखळी ताणली गेली, एकनाथ गुडघ्यावर आपटला, वेढ्यात अडकलेली दोन बोटं मोडल्याचा आवाज त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला. त्याने हात सोडला नाही. बुंदीचे दात ॲनिशाच्या फ्रॉकसमोर हवेत मिटले. पोर मागच्या मागे पाण्यात गेली.

जितेशने उडी मारली. शेवाळात माखलेली, खोकणारी ॲनिशा त्याने बाहेर काढली. बुंदी साखळीच्या टोकाला उभी होती, शेपटी हलवत, एकनाथच्या तोंडाकडे बघत. काम नीट केलं का, हे विचारत असल्यासारखी.

जितेशनेच ॲनिशाला टॉवेलात गुंडाळून तिच्या घरी नेलं. परत येऊन म्हणाला, "सांगितलं, खेळता खेळता पाय घसरला. चावली तर नाहीच ना. उगाच कशाला वाढवायचं?"

संध्याकाळी बोटांना पट्टी बांधून एकनाथ डॉक्टरकडून आला, तो घरात न शिरता बांधाच्या फटीतून शर्लीकडे गेला. तिच्या ओट्यावर नाताळच्या देखाव्याची गव्हाणी मांडलेली होती. ॲनिशा आत झोपली होती. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. शब्द, पाववाला, कुकर, फोनवर बोललेलं खोटं. एकही गोष्ट गाळली नाही.

शर्ली ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. तिने आतलं दार हलकेच ओढून घेतलं. मग म्हणाली, "आता कुठे आहे?"

"बांधलीय."

"तेव्हाही बांधलेलीच होती ना, काका?"



त्याच रात्री जितेशलाही सगळं कळलं, आणि सुट्टी संपायच्या आत त्याने विरारच्या अल्पेशला बोलावलं. त्याच्या ओळखीतला माणूस, गोदाम होतं, राखणीला कुत्रं हवं होतं. अल्पेश दुपारी गाडीने आला. बुंदी तोंडाला जाळी आणि गळ्यात जाड दोर घालून एकनाथच्या हाताशी बसली होती. अल्पेशने लांबूनच तिला न्याहाळलं.

"एक नंबर चीज आहे. काका, ऐकते ना?"

जितेशने बापाकडे बघितलं. त्या बघण्यात विनवणी होती.

"जाते," एकनाथ म्हणाला. "येत नाही."

अल्पेश हसला. "मला यायला कुठे पाहिजे? अंधार पडला की सोडायची, सकाळी कोंडायची. बास."

"गोदामात राहतं कोण?"

"वॉचमन आहे ना, भैया. बायको, दोन पोरं. ती काय, आपली खोली लावून घेतील."

"पोरं केवढी?"

"आता पोरांचं वय मला कसं माहीत असणार, काका?"

एकनाथने डाव्या हाताने दोर जवळ ओढला. "नाही देत," तो म्हणाला.

"बाबा!"

"नाही म्हणालो ना. ज्या घरात जाईल तिथे ती तो शब्द घेऊन जाईल. तो तिच्यातून काढल्याशिवाय मी तिला या फाटकाबाहेर पाठवणार नाही."

"आणि नाही निघाला तर?" जितेशचा आवाज चढला. "तुमचे हात बघा. किती वर्षं धरून बसणार आहात तिला?"

अल्पेश किल्ल्या वाजवत थोडा वेळ थांबला, मग बापलेकांचं चालू द्यावं म्हणून निघून गेला. जितेश घरात गेला. दार आपटलं.

बांधापाशी शर्ली निवडुंगाचे फांटे आणून फट बुजवत होती. पोरींची ती येण्याजाण्याची वाट होती, त्याआधी जितेशची होती, त्याही आधी एकनाथची स्वतःची. गाडी गेलेली तिने पाहिली.

"नेली नाही?" तिने विचारलं.

"नाही."

शर्लीने शेवटचा फांटा पायाने दाबून बसवला. मागच्या पेरूवर पोपट उतरले होते. बुंदीची मान तिकडे वळली, दोर हळूहळू ताठ होत गेला, आणि एकनाथने तो मनगटाला आणखी एक वेढा घेतला. शर्ली अंगणातून ॲनिशाला हाक मारत आत गेली आणि भर दुपारी तिने दाराला आतून कडी लावली.